जाता जाता एक विनंती

कुणी विचारलं तर मी वकील आहे असं सांगते. खोटं नाही ते. सनद आहे, काळा कोटही आहे. तो कपाटात टांगलेला असतो आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास येतो, एवढंच. मुलुंडच्या कोर्टात आठ वर्षं काढली, त्यातली निम्मी बाकावर बसून गेली. पुढे सासूबाईंच्या आजारपणात तारखा सांभाळणं जमेना, आणि खरं सांगायचं तर त्या बाकाचाच कंटाळा आला होता. तेव्हा पवईला एका काचेच्या इमारतीत नोकरी धरली. नऊ ते सहा, एसी, कॉफीचं मशीन. घरात सगळ्यांना वाटलं, सुटली बिचारी.

तिथे आम्ही दुसऱ्यांची पत्रं वाचायचो. याहून सोप्या शब्दांत मला ते काम सांगता येत नाही. परदेशातल्या काही कोर्टांची रीत अशी, की दावा लागला की दोन्ही बाजूंनी वादाशी संबंध असलेले आपल्याकडचे कागद समोरच्याच्या हवाली करायचे. सोयीचे आणि गैरसोयीचेसुद्धा. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हसलेच होते. आमच्याकडे समोरच्याकडून एक कागद काढायचा तर अर्ज करा, तारीख घ्या, आणि एवढं करून तो म्हणणार उंदरांनी खाल्ला. आता कागद तरी कुठे राहिलाय म्हणा. मेल, चॅट, फोनवरचे मेसेज, वर्षानुवर्षांचे, मोजता न येण्याइतके. ते सगळं उपसून त्यातलं कामाचं वेगळं काढायचं, याला ई-डिस्कव्हरी म्हणतात. उपसायला धीराचे वकील लागतात, आणि ते आमच्याकडे पैशाला पासरी मिळतात.

स्क्रीनवर डावीकडे मेसेज, उजवीकडे चौकोन. संबंधित, असंबंधित, आणि वकील-अशिलातलं गुपित. एकावर टिचकी मारायची की पुढचा मेसेज येतो. तासाला पन्नास झालेच पाहिजेत. कोण नोकरी शोधतंय, कुणाचं लग्न मोडतंय, कुणाला साहेबाने कसं झापलं, सगळं कळतं, आणि त्यातलं अक्षरही बाहेर बोलायचं नाही अशी सही दिलेली असते. नवरा विचारायचा, आज काय झालं? मी म्हणायचे, काही नाही. तसं म्हणता म्हणता आमच्यातलं बाकीचं बोलणंही आटलं. त्याचा दोष मी नोकरीला देत नाही, पण सुरुवात तिथूनच झाली.

यापुढे लिहिते आहे त्यातलं यंत्र, हुद्दे, ठिकाणं मी बदलली आहेत. सही अजून लागू आहे. बदललेलं नाही ते एवढंच, की चूक माझी होती.

दावा दोन परदेशी कंपन्यांमधला होता. एकीचा इथे कारखाना होता. त्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये एका कामगाराचा उजवा हात मनगटापासून गेला. चाळिशीचा माणूस, दोन लेकरांचा बाप. कारखान्याच्या मूळ कंपनीचं म्हणणं, प्रेसमध्येच दोष होता. प्रेस बनवणारी कंपनी म्हणे, दोष कसला? हात आत असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून आम्ही स्विच दिलेला आहे. काम अडतं म्हणून तुम्हीच वायर टाकून तो निकामी केलात, आणि ते तुमच्या वरिष्ठांना ठाऊक होतं. म्हणजे सगळं एका प्रश्नापाशी येऊन थांबलं: वरच्यांना ठाऊक होतं की नव्हतं? कारखान्याचा मॅनेजर म्हणत होता, मला कुणी काही सांगितलंच नाही. देखभालीचे सुपरवायझर म्हणत होते, मी सांगितलं होतं. ते निलंबित होऊन घरी बसले होते, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना. त्यांनी खरंच सांगितलं असेल, तर ते त्यांच्या मेसेजमध्ये सापडायला हवं होतं. आम्ही काम करत होतो ते मूळ कंपनीच्या वकिलांसाठी.

आमची टीम लीड माझ्याहून दहा वर्षांनी लहान, घाटकोपरमध्ये वाढलेली गुजराती मुलगी. मराठी बोलायची फर्डं, वाचायचा मात्र तिला कंटाळा. "यातलं मराठी सगळं तुझं," ती म्हणाली. "इंग्रजी अक्षरांत लिहिलंय सगळ्यांनी. ट्रान्सलेशनच्या मशीनने तर पार वाट लावलीय. तूच बघ ना."

मी बघितलं. सुपरवायझर मॅनेजरला रोज सकाळी पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी मेसेज करायचे. एकाच साच्यातले. 'साहेब नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून फार बरं वाटलं. आता जिन्याची घाई करू नये. आमच्याकडे सर्व कुशल. मुलीची बारावी आहे, त्यामुळे घरात टीव्ही बंद.' पहिल्या चार ओळी दिसायच्या आणि खाली निळ्या अक्षरांत 'आणखी' असं असायचं. त्यावर टिचकी मारली की उरलेलं दिसायचं. पहिले दहा-बारा मी उघडले. त्यात वहिनी, मुलगी, संकष्टी, कोपऱ्यावरच्या डॉक्टरचा गुण, एवढंच निघालं. मग मी 'आणखी'च्या वाटेला गेले नाही. असंबंधित, पुढचा. असंबंधित, पुढचा. माझा तासाचा आकडा त्या आठवड्यात सगळ्यांत चांगला होता आणि त्याचा मला आनंद झाला होता, हेही लिहून टाकते.

माणसाने पहिले हजारभर मेसेज लावून दिले की उरलेले संगणकातलं यंत्र लावतं. माणसाने काय ठरवलं ते बघून ते शिकतं. जे ढिगाच्या तळाशी जातं ते पुढे कुणी वाचत नाही. यंत्र माझ्याकडून नीट शिकलं: वहिनींची तब्येत दिसली की खाली टाका.

त्याच आठवड्यात लीड माझ्या खुर्चीपाशी आली. "मराठीत एकंदर काय आहे, दोन ओळी दे ना. तिकडच्या वकिलांना आजच हवंय." मी दोन ओळी दिल्या, इंग्रजीत: मराठी मेसेज मुख्यत्वे कौटुंबिक आणि औपचारिक स्वरूपाचे आहेत. यंत्राविषयी तक्रार किंवा सूचना आढळली नाही. लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग मी कॉफी आणायला गेले.

तीन आठवड्यांनी तपासणी निघाली. टाकून दिलेल्या ढिगातून मूठभर मेसेज कसेही उचलायचे आणि पुन्हा वाचायचे, काही निसटलं तर नाही ना हे बघायला. मराठी म्हणून ते पुन्हा माझ्याकडेच आले. तपासणीच्या स्क्रीनवर 'आणखी' नसतं. मेसेज पुरता उघडतो.

'साहेब नमस्कार. वहिनी आता काठीशिवाय चालतात असं कळलं, आनंद झाला. त्यांना माझ्या घरच्यांचा नमस्कार सांगावा. परवा गावाहून कोकम आणले आहेत, ड्रायव्हरजवळ पाठवतो. जाता जाता एक विनंती. तीन नंबरच्या प्रेसचा स्विच अजून तसाच बांधून ठेवलेला आहे. मागे बोललो होतो. माणसांचे हात जातील. आपण वेळ काढून बघावं. लहान तोंडी मोठा घास, राग नसावा.'

वर कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती आणि शेजारी असंबंधित.

मी त्यांचे सगळे मेसेज काढले आणि 'आणखी' उघडत गेले. रोजच्यात नाही, पण महिन्यातून कधीतरी एकदा ती ओळ यायची. जाता जाता एक विनंती. अकरा वेळा. शेवटचा अपघाताच्या आठ दिवस आधीचा. त्यात वहिनींना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या.

मला हे कळायला हवं होतं. अमेरिकेतल्या एखाद्या वकिलाला कळलं नसतं तर त्याला माफ होतं, यंत्राला माफ होतं, मला नाही. माझे वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. त्यांना साहेबाशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते रविवारी पाव किलो पेढे घेऊन साहेबाच्या घरी जायचे, तासभर बसायचे, त्याच्या मुलांचे मार्क विचारायचे, चहा प्यायचे. परत आले की आई दारातच विचारायची, "सांगितलंत का?" आणि ते म्हणायचे, "सांगितलं की. निघताना, चपला घालता घालता." मुख्य गोष्ट आधी बोलणं म्हणजे त्यांना साहेबाच्या अंगावर धावून जाण्यासारखं वाटायचं. आमच्या अख्ख्या चाळीत कुणी साहेबाला काही सांगितलं असेल तर ते चपला घालतानाच. मी त्या घरात वाढले, आणि तासाला पन्नास करायच्या नादात साहेबाच्या बैठकीतूनच उठून आले, चपलांपर्यंत थांबलेच नाही.

त्या तपासणीत पुन्हा एकदा असंबंधितवर टिचकी मारली असती तर कुणाला कळलं नसतं. मराठी वाचणारी मी एकटीच होते. नोकरी वर्षाच्या कराराची, आणि चुकांची यादी करार वाढवताना काढतात. मी डबा घेऊन खाली गेले, तोंडल्याची भाजी खाल्ली, डबा धुतला, वर आले आणि लीडला बाजूच्या खोलीत बोलावलं.

"किती?" ती म्हणाली.

"अकरा."

"आणि तो रिपोर्ट तूच दिलेलास ना?"

"हो. मीच."

तिने डोकं धरलं. "यार, काय गं तू. वाट लागली ना माझी." मग खुर्ची ओढून बसली. "पण बरं झालं सांगितलंस. दुसरी कुणी असती तर दाबून टाकलं असतं." ते ऐकून मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची आता लाज वाटते.

पुढे सगळं शिस्तीत झालं. मराठी ढीग पहिल्यापासून वाचला गेला, मी शनिवारही भरले. अकराच्या अकरा मेसेज भाषांतर करून समोरच्या बाजूला गेले. आमच्या अशिलाला ते अडचणीचे होते, तरी गेले. वकिलांनी काटेकोरपणे दिले, मला एका ओळीत धन्यवादही कळवले. मी मनातल्या मनात हिशेब जुळवून टाकला. सुपरवायझर सांगत होते ते खरं होतं, आता ते कोर्टाच्या कागदांत आहे, म्हणजे माणूस सुटला. एका संध्याकाळी ऑफिसमधून निघून तलावाच्या कडेने चालत गेले आणि बऱ्याच दिवसांनी नवऱ्याला आपणहून फोन केला. काय झालं ते सांगता येत नव्हतं, म्हणून भाजी काय आणू ते विचारलं.

महिन्याभराने नवा गठ्ठा आला. अपघातानंतरचे मेल, कारखान्यातल्या चौकशीचे. इंग्रजी बाकीच्यांकडे, मराठी कागद जोडलेले माझ्याकडे. पहिलाच मेल कारखान्याच्या एचआरचा होता, मॅनेजरला लिहिलेला. त्यात माझं वाक्य होतं. शब्द न शब्द तेच: यंत्राविषयी तक्रार किंवा सूचना आढळली नाही. मी ते परदेशी वकिलांना दिलं, त्यांनी मूळ कंपनीला कळवलं, मूळ कंपनीने इथल्या कारखान्याला, आणि तिथून ते चौकशीच्या टेबलावर येऊन बसलं होतं. खाली एचआरने लिहिलं होतं, संबंधितास हे दाखवून समज दिली, त्याने लेखी दिले आहे, सोबत जोडले आहे.

सोबत एका फुलस्केप कागदाचा फोटो होता. निळ्या शाईचं अक्षर, ओळी सरळ. मेसेज वाचून वाचून हा माणूस मला ओळखीचा झाला होता, त्याचं अक्षर मात्र पहिल्यांदा बघत होते.

सुरुवातीला नमस्कार होता, वहिनींची चौकशी होती. मग लिहिलं होतं: 'मी ही गोष्ट साहेबांच्या कानावर घातली होती असे मला पक्के वाटत होते. बऱ्याच वेळा घातली असे वाटत होते. माझा फोन कारखान्याने जमा करून घेतला असल्याने मला बघता आले नाही. परंतु मोठ्या वकिलांनी सर्व मेसेज तपासले व त्यात तसे काही नाही असे मला दाखवण्यात आले. शिकलेली माणसे आहेत, ती खोटे कशाला सांगतील. तेव्हा मी सांगितले नसेल. वयोमानाप्रमाणे माझ्याच मनाने धरले असेल. माझ्या न सांगण्यामुळे एका माणसाचा हात गेला, त्याची जबाबदारी मी घेतो. राजीनामा सोबत देत आहे.'

तारीख बघितली. माझ्या दोन ओळी गेल्यानंतर सहाव्या दिवसाची. मी तो मेसेज पुरता उघडला, डबा खाऊन वर आले, खरं बोलले, शाबासकी घेतली, त्याच्या दोन आठवडे आधीच हे कागदावर आलेलं होतं.

मी रडले नाही. बराच वेळ मी 'मी सांगितले नसेल' एवढंच वाचत होते. माणसाला निलंबित केलं, बदनाम केलं, ते एक वेळ बाहेरचं. पण त्यांच्याजवळ त्यांची आठवण तरी होती. ती मी काढून घेतली, आणि त्यांनी ती काढून दिली, वर वहिनींची चौकशी करून.

लीडकडे गेले. तिने फोटो वाचला, सावकाश, ओठ हलवत. तिचे डोळे भरले, हे मी तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

"त्यांना कुणीतरी सांगायला हवं," मी म्हणाले.

"कोण सांगणार? ते आपले क्लायंट नाहीत गं. दाव्यात पार्टीपण नाहीत."

"कंपनी सांगेल?"

"का सांगेल? मॅनेजरला ठाऊक होतं हे आपल्याच क्लायंटच्या अंगावर येतंय. आणि आपण बाहेर बोललो तर तुझी सनद जाईल, माझी जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिकडच्या वकिलांना नोट टाकते. माझ्या हातात तेवढंच आहे."

तिने नोट टाकली. उत्तर आलं, नोंद घेतली, ठरलेल्या पद्धतीने लावावे. मी तो फोटो 'संबंधित'मध्ये लावला. तेवढा एक मी त्या माणसाचा पहिल्या फटक्यात बरोबर लावला.

दोन महिन्यांत दोन्ही कंपन्यांनी आपसात मिटवलं. अटी गुप्त. ते अकरा मेसेज कोर्टात कुणी वाचून दाखवले नाहीत; समोर आहेत एवढ्यानेच काम झालं. आमचं त्या दाव्याचं दार बंद झालं, म्हणजे खरोखरच, माझा पासवर्ड चालेना. माझा करार वाढवला. पुढच्या वर्षी मी स्वतःच सोडला. कारण विचारलं तेव्हा डोळ्यांचा त्रास सांगितला.

सुपरवायझरांचा नंबर प्रत्येक मेसेजच्या वर असायचा, त्यामुळे तो पाठ झाला होता. लक्षात ठेवावा असं ठरवलं नव्हतं. त्यांचा फोन कारखान्याने घेतलेला, तेव्हा नंबर आता बंद असेल अशी मी स्वतःची समजूत घातली होती. एका रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, लावून बघितला. दोन रिंगमध्ये उचलला.

"नमस्कार. कोण बोलतंय?"

आवाज मी कल्पना केली होती त्याहून बारीक होता.

"नमस्कार. मी मुलुंडहून बोलतेय. तुम्ही मला ओळखत नाही."

"बोला ना ताई."

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे. देवाची कृपा. तुमची?"

"माझीही बरी. घरी सगळे?"

"सगळे मजेत. मुलगी कॉलेजला जाते आता. आपलं काही काम होतं का?"

"नाही, तसं काही नाही. सहज," मी म्हणाले.

मला वाटलं आता ते ठेवतील. अनोळखी बाईचा फोन, काम काही नाही, कुणीही ठेवला असता. त्यांनी ठेवला नाही. त्यांच्या मागे कुठेतरी नळ वाहत होता, तो त्यांनी बंद केला, म्हणजे मला नीट ऐकू यावं, किंवा त्यांना. काही विचारलंही नाही. खरं बोलणं शेवटी येतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते माझी वाट बघत होते. मी फोन ठेवला.